वीज रात्रीच आली, मग नळाला पाणी उद्या का?

संपादक महोदय,

पाऊस सुरू झाला की गोव्यातल्या वर्तमानपत्रांत दोन छायाचित्रे हमखास छापून येतात. एक साळावली धरणाचा गोल सांडवा भरून वाहू लागल्याचे, दुसरे कुठल्यातरी वाड्यावर टँकरभोवती मांडलेल्या कळशांचे. खालच्या बातमीत ‘काम युद्धपातळीवर सुरू’ हे शब्द असतात. (हे युद्ध दरवर्षी त्याच जागी, त्याच शत्रूशी होते.) मग वीज येते, पंप सुरू झाल्याचे कळते, आणि तरीही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नळातून नुसता वारा फुसफुसत राहतो. लोक खात्यावर तोंडसुख घेतात. त्यांचे चुकते असेही नाही, कारण पंप सुरू होणे आणि पाणी घरी पोचणे यांत एवढा वेळ का जातो, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. हा वेळ बराच कमी करता येतो. तो कुठे वाया जातो तेवढे या पत्रात मांडत आहोत.

वीज गेली की पंप काही सेकंदांत थांबतो, पाणी मात्र थांबत नाही. 750 मिलिमीटर व्यासाच्या पाईपच्या एका किलोमीटरमध्ये साधारण 4 लाख 40 हजार लिटर पाणी मावते. दहा किलोमीटरची लाइन धरली तर 4,400 टन वजन सेकंदाला एक मीटर वेगाने चाललेले असते. मागून रेटा बंद झाला तरी ते पुढे ओढले जाते, चढाच्या माथ्यावर तुटते, तिथे पोकळी होते, आणि मग उलटे फिरून पंपाजवळच्या नॉन रिटर्न व्हॉल्व्हवर (पाणी मागे येऊ न देणाऱ्या झडपेवर) हातोड्यासारखे आदळते. पोलादी पाईपमध्ये वेग एकदम एक मीटरने बदलला तर दाब शंभर मीटर उंचीच्या पाण्याइतका, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे 10 किलोने, वाढू शकतो. जुना बिडाचा पाईप किंवा गंजलेला सांधा नेमका इथे हार खातो. म्हणून ‘वीज गेली आणि वर पाईपही फुटला’ ही बातमी आपण योगायोग समजून वाचतो, पण बहुतेक वेळा पहिल्या गोष्टीमुळेच दुसरी झालेली असते.

याला वीज तासभर जावी लागते असेही नाही. घरातला दिवा अर्धा सेकंद मिचकतो, आपण वर बघतो आणि विसरून जातो. त्याच अर्ध्या सेकंदात पंपघरातल्या मोटरला वीज जोडणारा स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, सुटलेला असतो, वीजदाब घटला की मोटर तोडणाऱ्या अंडरव्होल्टेज रिलेने सगळे पंप बंद केलेले असतात. वीज खात्याच्या वहीत हा खंड धरलाही जात नाही, पण पाण्याच्या बाजूला त्याने तास-दोन तासांचे काम लावून दिलेले असते.

कारण पंप परत सुरू करणे म्हणजे बटण दाबणे नव्हे. ऑपरेटरने आधी डिलिव्हरीचा, म्हणजे पंपातून पाणी बाहेर जाते त्या बाजूचा, स्लूस व्हॉल्व्ह बंद करायचा, पंपात हवा राहिली असेल तर ती काढायची, मग मोटर सुरू करायची. सेंट्रिफ्युगल पंपावर व्हॉल्व्ह बंद असताना सर्वांत कमी भार येतो. अँपिअर मीटरचा काटा स्थिर झाला की व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा, काही मिनिटे घेऊन. लाइन स्थिरावल्याशिवाय दुसऱ्या पंपाला हात लावायचा नाही. घाई झाली की तोच हातोडा उलट बाजूने बसतो. वरून फोन येतात, ‘झाले का, झाले का’, आणि दोन पंप एकदम लावले जातात. वीज आल्यानंतर तासाभरात फुटलेल्या लाइनींची चौकशी करायची असेल तर तिथून करावी.

लाइन मधल्या वेळात रिकामी झाली असेल तर गणित आणखी बिघडते. रिकामी लाइन भरताना पाण्याचा वेग सेकंदाला 0.3 मीटरच्या आसपास ठेवावा लागतो. त्याहून जोरात भरली तर आत अडकलेली हवा दाबली जाते आणि एखाद्या वळणावर पाईप उखडते. या वेगाने दहा किलोमीटर भरायला नऊ तासांहून जास्त लागतात. लाइन तीस किलोमीटरची असेल तर एक दिवस आणि वर काही तास. यात कोणाचा आळस नाही. माथ्यावरचे एअर व्हॉल्व्ह गंजून बंद असतील तर एवढ्या वेळातही लाइन भरत नाही, हवेचा फुगा पाण्याची वाट अडवून बसतो. मग लाइनमन जाऊन नट सैल करून हवा सोडतो तेव्हा कुठे पुढचे गाव ओले होते.

म्हणजे सगळी मेख लाइन रिकामी होऊ न देण्यात आहे. पंप थांबला की मुख्य लाइनीतले पाणी उताराने खालच्या गावांच्या फाट्यांतून निघून जाते. सखल भागातल्या घरांना पंप बंद असतानाही दोन तास पाणी मिळते, आणि उंचावरच्यांना नंतर दोन दिवस मिळत नाही. पंप बंद पडल्यापासून अर्ध्या तासात या फाट्यांवरचे व्हॉल्व्ह बंद झाले तर लाइन भरलेली राहते आणि पाणी त्याच दिवशी येते. आता हे व्हॉल्व्ह कुठे आहेत ते बघा. बरेचसे हॉटमिक्सच्या दोन थरांखाली. रस्त्याचे काम झाले, चेंबरचे झाकण डांबराखाली गेले, आणि ते नेमके कुठे होते हे एका जुन्या कामगाराच्या डोक्यात राहिले. तो निवृत्त झाला. जे सापडतात त्यांतल्या कित्येकांचे स्पिंडल, म्हणजे फिरवायचा दांडा, गंजून बसलेले असते. जोर लावला तर दांडा तुटतो आणि व्हॉल्व्ह अर्धा उघडा अडकतो. प्रत्येक व्हॉल्व्ह वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, पूर्ण बंद करून पूर्ण उघडणे, किती वेढ्यांत बंद झाला ते वहीत लिहिणे, ग्लँडमधून (दांडा आत शिरतो तिथून) गळत असेल तर पॅकिंग बदलणे. याला निविदा लागत नाही. दोन माणसे, एक चावी, ग्रीसचा डबा आणि वही पुरते. वेढ्यांची संख्या गेल्या खेपेपेक्षा कमी भरली तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, तळाशी गाळ किंवा खडा आहे, हेही त्याच वहीतून कळते.

ऑगस्ट 2019 मध्ये कुर्टी-खांडेपार येथे महामार्गाच्या कामाजवळची माती खचली आणि ओपाहून येणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या फुटल्या. तिसवाडी आणि फोंडा तालुक्यांचे पाणी कित्येक दिवस बंद राहिले, ऐन पावसात. नदी तुडुंब होती, प्रकल्प सुस्थितीत होता, पंप धावायला तयार होते. पोर्तुगीज अमदानीपासून राजधानीची तहान भागवणारी ओपा योजना एका दरडीने अडवली. कारण उघड आहे. लाइनी एकाहून जास्त होत्या, पण त्या एकाच उतारावरून गेल्या होत्या. कागदावर दोन, जमिनीवर एक. पाईप जमिनीत घालताना चर एकदाच खणावा, जमीन एकदाच घ्यावी, हा हिशेब समजण्यासारखा आहे. फक्त त्याला पर्यायी लाइन म्हणू नये.

विजेचेही तसेच. पंपघराला दोन फीडर, म्हणजे उपकेंद्रातून येणाऱ्या दोन वीजवाहिन्या, आहेत असे सांगितले जाते. ते एकाच उपकेंद्रातून निघत असतील, किंवा शेवटचे दोन किलोमीटर त्याच खांबांवरून येत असतील, तर एक फणसाचे झाड दोन्ही घेऊन पडते. विचारायचा प्रश्न एवढाच, की दोन्ही एकदम जातील अशी एखादी जागा आहे का? ती नकाशावर सापडत नाही, लाइनीखालून चालत गेल्यावर दिसते. 5 जुलै 1986 रोजी मांडवीवरचा जुना पूल कोसळला आणि नवा व्हायला 1992 उजाडले. मधली सहा वर्षे पणजी आणि पर्वरी यांना जोडून ठेवले ते फेरीबोटींनी. पूल ज्या कारणाने पडतो त्याच कारणाने बोट बुडत नाही. पर्याय म्हणतात तो याला.

आता विजेकडे. गोव्यात स्वतःची मोठी वीजनिर्मिती नाही. कोल्हापूरहून म्हापशाला येणारी 400 केव्ही लाइन, कर्नाटकातून आंबेवाडीहून फोंड्याला येणारी 220 केव्ही लाइन, अशा बाहेरच्या वाहिन्यांवर राज्य चालते. तमनार वीजवाहिनी प्रकल्प आणि मोले परिसरातले जंगल या वादात आम्ही इथे शिरत नाही. एवढेच म्हणतो, की गावातली वीज बहुतेक वेळा 400 केव्हीवर जात नाही, ती शेवटच्या 11 केव्हीवर आणि ट्रान्स्फॉर्मरपासून घरापर्यंतच्या तारांवर जाते. वरून कितीही वीज आणली तरी खालचा इन्सुलेटर (तार खांबापासून अलग ठेवणारा तुकडा) तडकलेला असेल तर तिचा उपयोग काय?

पहिल्या पावसाच्या चार थेंबांत वीज का जाते, हा आपल्याकडचा जुना विनोद. त्याचे उत्तर इन्सुलेटरवर हात फिरवला की मिळते (अर्थात लाइन बंद करून, अर्थिंग लावून). ऑक्टोबरपासून मेपर्यंत समुद्राचा वारा त्यावर मिठाचा पापुद्रा चढवतो, रस्त्याची धूळ त्यात बसते. कोरडे मीठ वीज वाहू देत नाही. झिमझिम पावसाने किंवा पहाटेच्या दवाने ते नुसते ओलसर झाले की वाहू देते, इन्सुलेटरवरून ठिणगी उडते आणि फीडर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. मुसळधार पाऊस पडला की मीठ धुऊन जाते आणि त्रास थांबतो. म्हणून जूनच्या अखेरीस वीज मेपेक्षा बरी असते. चिनी मातीच्या पिन इन्सुलेटरला उन्हाळ्यात केसाएवढी चीर गेलेली असेल तर मात्र पाऊस वाढेल तसा त्रास वाढतो, आणि ती चीर जमिनीवरून दिसत नाही. किनारपट्टीच्या फीडरांवर मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात इन्सुलेटर धुणे किंवा पुसणे, आणि वारंवार ट्रिप होणाऱ्या भागात सिलिकॉन रबराचे पॉलिमर इन्सुलेटर बसवणे, हे यावरचे उपाय. झाडांच्या फांद्या छाटण्याची मोहीम दरवर्षी गाजते. ती हवीच, पण त्या गाजावाजात इन्सुलेटर विसरले जातात.

ट्रान्स्फॉर्मरजवळून जाताना कोणालाही बघता येईल अशी एक गोष्ट सांगतो. टाकीच्या बाजूला काचेची लहान डबी लटकत असते, तिला ब्रीदर म्हणतात. आत सिलिका जेलचे खडे असतात. निळे असतील तर ठीक. गुलाबी झाले असतील तर त्यांनी ओलावा पिऊन झाला, आता दमट हवा थेट तेलात जात आहे. तेलात पाणी गेले की त्याची वीज रोखण्याची ताकद घटते, आणि ट्रान्स्फॉर्मर चवथीच्या रात्री, सगळ्या घरांत रोषणाई असताना, बसतो. खडे बदलायचा खर्च शेकड्यांत, ट्रान्स्फॉर्मरचा लाखांत. शेजारच्या वितरण पेटीचे दार उघडे आणि आत फ्यूजच्या जागी जाड तार वेढलेली दिसली तर तीही तितकीच वाईट खूण. ती तार वितळत नाही, मग वितळायचे काम ट्रान्स्फॉर्मरच्या वेटोळ्यांना करावे लागते.

भूमिगत केबल हा सगळ्यावर रामबाण उपाय असल्यासारखे बोलले जाते. केबलवर झाड पडत नाही हे खरे. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने खांब आडवे केले तेव्हा केबलवाल्या भागांचा हेवा वाटला असेल. पण उघड्या तारेतला दोष माणूस लाइनीखालून चालत जाऊन डोळ्यांनी शोधतो. केबलमधला दोष शोधायला यंत्राची गाडी लागते, मग खणणे, पाणी उपसणे आणि सांधा करणे. सांधा कोरड्या हातांनी, ताडपत्रीखाली, स्वच्छ जागेत करावा लागतो. भर पावसात चिखलात केलेला सांधा पुढच्या पावसात त्याच जागी जातो. तेव्हा केबल घालायची तर ती दोन्ही टोकांनी वीज घेऊ शकेल अशी, रिंगमध्ये, आणि मध्ये स्विच देऊन घालावी, म्हणजे मधला तुकडा तोडून बाकी गाव चालू ठेवता येते. एकाच टोकाची केबल म्हणजे खंड कमी, पण झाला की लांबलचक.

बिघाड सापडला, दुरुस्त झाला, फीडर चालू केला, आणि दोन मिनिटांत परत ट्रिप. लोक म्हणतात, कामच धड केले नाही. बऱ्याचदा काम धड झालेले असते. चार तास वीज नसली की प्रत्येक घरातला फ्रीज तापलेला असतो, टाकी रिकामी असते, एसीचे बटण चालूच राहिलेले असते. वीज येताच हे सगळे एका क्षणी उठतात आणि नेहमीच्या दुपटीहून जास्त भार एकदम पडतो. म्हणून फीडर तुकड्या-तुकड्याने, खांबांवरचे एबी स्विच एकामागून एक लावत उठवावा लागतो. 28 एप्रिल 2025 रोजी स्पेन आणि पोर्तुगालची वीज एकाच वेळी गेली, तेव्हा आपल्याकडच्या कित्येक घरांतून तिथल्या नातेवाइकांना फोन लागले असतील. तिथेही पद्धत हीच होती. बाहेरच्या विजेवाचून सुरू होऊ शकणारी जलविद्युत आणि गॅसवरची मोजकी केंद्रे उठवली, स्पेनने फ्रान्स आणि मोरोक्कोकडूनही वीज घेतली, त्यांच्याभोवती थोडा-थोडा भार जोडत बेटे तयार केली, मग बेटे एकमेकांना जोडली. पहाटेपर्यंत बहुतेक सगळे उभे राहिले ते त्या क्रमामुळे. घरच्या माणसाने करायचे एवढेच: वीज गेली की एसी, गिझर आणि पाण्याचा पंप बंद करावा, एक दिवा चालू ठेवावा. दिवा लागल्यावर दहा मिनिटांनी बाकीचे लावावे.

जनरेटर आहे म्हणून निर्धास्त असलेल्या इस्पितळांना, मोबाइल टॉवरवाल्यांना आणि पंपघरांना एक प्रश्न: तो शेवटचा भारावर कधी चालवला? दर सोमवारी दहा मिनिटे रिकामा फिरवणे ही चाचणी नव्हे. उलट रिकाम्या इंजिनात अर्धवट जळलेले डिझेल साचते. महिन्यातून एकदा, निदान अर्धा तास, क्षमतेच्या 30 टक्क्यांहून जास्त खऱ्या भारावर चालवावा, तोही मुख्य स्विच पाडून, म्हणजे भार जनरेटरवर वळवणारा चेंजओव्हर स्विच चालतो की नाही तेही कळते. जनरेटर ऐनवेळी दगा देतो तेव्हा इंजिन सहसा निर्दोष असते. स्टार्टरची बॅटरी उतरलेली असते किंवा डिझेलच्या तळाशी पाणी साचलेले असते. गोव्याच्या दमट हवेत अर्धी भरलेली टाकी रोज रात्री थोडे-थोडे पाणी धरते; टाकी भरलेली ठेवावी आणि तळाचा नळ महिन्यातून एकदा सोडून बघावा. 125 केव्हीएचा संच पाऊण भारावर तासाला साधारण 20 लिटर पितो. 200 लिटरचे एक पिंप म्हणजे दहा तास. दोन दिवसांचे वादळ आले तर बाकीचे डिझेल कुठून, कुठल्या रस्त्याने येणार, आणि त्या पेट्रोल पंपाला तरी वीज असणार का, हे आधी ठरवून ठेवावे. टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांच्याच असतात. 25 अंशांवर जेवढी वर्षे टिकायच्या, त्याच्या निम्मी 35 अंशांच्या पत्र्याच्या खोलीत टिकतात. टॉवर गेला की लाइनमनचा फोन जातो, आणि फाट्याचा व्हॉल्व्ह बंद करायला सांगायला कोणी उरत नाही.

वीज खात्याकडे आणि पाणी पाहणाऱ्या विभागाकडे आमची मागणी मोठी नाही. फीडरनिहाय दोन आकडे दर महिन्याला प्रसिद्ध करावेत: वीज किती वेळा गेली आणि एकूण किती मिनिटे गेली. 2020 च्या वीज ग्राहक हक्क नियमांनी विश्वासार्हतेचे निकष ठरवायला सांगितलेच आहे. पाण्याच्या बाजूने पंप बंद पडल्याची वेळ, सुरू झाल्याची वेळ आणि शेवटच्या टोकाला पाणी पोचल्याची वेळ, अशा तीन वेळा लिहाव्यात. तिसरी वेळ आज कुठेच नोंदवलेली दिसत नाही, आणि लोकांना हवी असते तीच. वीज गेल्यावर ‘पुरवठा लवकरच’ असे न सांगता कुठल्या गावाला कितीच्या सुमारास, हे सांगावे. लाइनीची लांबी आणि भरण्याचा वेग माहीत असला की हे कागदावर काढता येते. प्रत्येक विभागाच्या गोदामात त्या विभागातल्या प्रत्येक व्यासाचे निदान दोन कॉलर (फुटलेल्या जागी पाईपवर बसवायची कडी), वेल्डिंग सेट, चिखल उपसणारा पंप आणि त्याचे डिझेल असावे. यात एक मेख आहे. जुना बिडाचा पाईप आणि नवा डीआय (डक्टाइल आयर्न, म्हणजे चिवट बिडाचा) किंवा पोलादी पाईप, दोन्हींवर व्यास तोच लिहिलेला असला तरी बाहेरचा घेर वेगळा भरू शकतो. फुटलेल्या पाईपवर आणलेला कॉलर बसत नाही हे रात्री दोन वाजता खड्ड्यात कळते, आणि मग कारखाना उघडेपर्यंत वाट बघावी लागते. घेर आत्ताच, कोरड्या दिवसांत, फितीने मोजून गोदामाच्या दारावर लिहून ठेवावा.

आणि पाणी परत आल्यावर पहिली बादली भरून ठेवू नका. रिकामी लाइन गळक्या सांध्यातून आजूबाजूचे पाणी आत ओढते, गटाराचेही. गढूळपणा जाईपर्यंत नळ सोडून द्यावा, ते पाणी झाडांना किंवा संडासाला वापरावे, आणि दोन दिवस पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. टोकाच्या नळाला उरलेला क्लोरीन लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम असायला हवा. तो तपासायची पेटी पंचायतीत ठेवता येते: नळीत पाणी घ्यायचे, थेंब टाकायचे, रंग पट्टीशी ताडून बघायचा. दोन मिनिटांचे काम आहे.

आपले,
पाणीपुरवठा आणि वीज वितरणाच्या कामातील काही अभियंते,
फोंडा, गोवा